मेणाखालचा क्रूस

ओर्गुला, ९ जून

प्रिय केर्तू,

तुझं फेब्रुवारीतलं पत्र अजून माझ्या एप्रनच्या खिशात आहे. चार महिने झाले. घड्यांवर विरत चाललंय, एका कोपऱ्याला बीटाचा डाग पडलाय, पण माझ्या हातून उत्तर काही गेलं नाही. मध्ये तू तीनदा फोन केलास. तिन्ही वेळा मी कोंबड्यांचं सांगितलं, हवेचं सांगितलं आणि आवाज येत नाही म्हणून ठेवून दिला. आवाज चांगला खणखणीत येत होता. तुला ते कळलं असणार, तू काही दूधखुळी नाहीस. तू विचारलंस ते एवढंच, की ऑगस्टमध्ये पेत्रीशी लग्न करायचं म्हणतेय, पण तुम्ही मनापासून हो म्हणालात तरच. वा गं वा! माझ्या गळ्यात धोंड बांधून तू तिकडे समुद्रापलीकडे तुर्कूला मोकळी. हो म्हणणारी मी कोण, आणि नाही म्हणणारी तरी कोण? तानेल समुद्रात गेला त्याला येत्या नोव्हेंबरात सहा वर्षं होतील. जिला मुलगाच उरला नाही ती सासू कसली?

हा चौथा कागद. आधीचे तीन चुलीत गेले. आज काही झालं तरी पुरा करायचा असं ठरवून बसलेय, पण बूड काही टेकत नाही. एक ओळ लिहिते आणि उठते. आत्ता उठून खिडकी लावली, डास येत होते. मग उकडायला लागलं म्हणून उघडली. मग वाटलं कणीक फुगली असेल, ती बघून आले. काही फुगली नव्हती, तासाभरापूर्वी तर भिजवली. शेवटी पेन घेऊन अंगणातल्या बाकावर आले, तर कोंबड्यांना वाटलं दाणे आणलेत. म्हणून परत आत. अक्षर वेडंवाकडं दिसलं तर समज की उभ्याने लिहिलंय.

आधी बातमी सांगते. शेजारच्या एल्मारने गेल्या मंगळवारी राईतलं एक झाड पाडलं. हो, आपल्याच राईतलं, क्रूसाचं झाड. गावात केवढा गहजब झाला म्हणून सांगू! त्या राईत कुणी कुऱ्हाड नेल्याचं माझ्या आजीनेही पाहिलं नव्हतं. वादळात आडवी झालेली झाडंसुद्धा तिथे जागच्या जागी मातीत जाऊ देतात, कारण प्रत्येक झाड कुणाचं तरी माणूस. आणि ज्याने उभा जन्म वनरक्षक म्हणून त्या राईची राखण केली तोच भर दुपारी करवत घेऊन गेला. दुकानातल्या बाईने मला विचारलं, कुणाचं गं झाड होतं? मी म्हटलं, मला काय ठाऊक, आणि मीठ न घेताच घरी आले. मला ठाऊक होतं. तुलाही ते झाड माहीत आहे. पण थांब, मला क्रमाने सांगू दे, नाहीतर हाही कागद चुलीत जाईल.

तू राई पहिल्यांदा पाहिलीस ती हेइनोच्या मयतीला. तुमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. टाल्लिनची पोर तू, मार्चच्या चिखलात पायात पातळ बूट घालून आलेली. चर्चमधून निघालेली गाडी कब्रस्तानाच्या अलीकडे झाडीत थांबली, सगळे खाली उतरले, आणि तुला वाटलं गाडी बंद पडली. तू माझ्या कानाशी येऊन विचारलंस, ढकलायची का? माझा नवरा पेटीत पडलेला, आणि मला हसू फुटलं. मी तोंडाला रुमाल लावला तर बायकांना वाटलं हुंदका आला. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. मग तानेलने बापाचा चाकू काढला आणि पाइनच्या सालीत क्रूस कोरला. तो घरातल्याच पुरुषाने कोरायचा असतो, परक्याचा हात लागलेला चालत नाही. पोराला डोळ्यांतल्या पाण्याने असं दिसेना की क्रूसाचा एक हात लांब झाला नि दुसरा आखूड. डोळे पुसत म्हणाला, बाबांना अर्ध्या बोटाचा फरक खपायचा नाही, आता इथे उभे राहून रोज मला शिव्या घालतील. बाटली फिरली, सगळ्यांनी एकेक घोट घेतला, आणि तू विचारलंस हे कशासाठी. तेव्हा तानेलने तुला सांगितलं, की मेलेलं माणूस घराच्या ओढीने परत निघतं, वाटेत आपला क्रूस दिसला की थांबतं, आणि मग त्या झाडात राहतं. घरच्यांना त्रास नाही, त्यालाही वणवण नाही. येताना आपण सगळ्यांनी झऱ्यावर डोळे धुतले. तू जरा नाक मुरडलंस, पाण्यात पानं कुजली होती म्हणून. पण धुतलेस. त्या पाण्याला कुठून कुठून माणसं येतात. ज्यांचं रडं थांबत नाही ते येतात, आणि ज्यांना रडूच फुटत नाही तेही येतात. मी त्या दिवशी धुतले आणि घरी येऊन तीस माणसांना जेवायला वाढलं. हेइनो गेला हे मला त्या पाण्यापाशी पटलं होतं.

तानेलचं काही पटायला जागाच नव्हती. नॉर्वेकडच्या समुद्रात बोटीवरून एक माणूस कमी झाला, एवढंच कळलं. ना पेटी, ना गाडी, ना कब्रस्तान. गावातले सांगायला लागले, माइमू, एक क्रूस तरी घाल पोराच्या नावाने. मी एकेकाला दारातून हाकललं. अगं, क्रूस कोरणं म्हणजे पोराच्या तोंडावर दार लावणं! बापाचं वेगळं होतं, त्याला मी माझ्या हाताने आंघोळ घातली होती. याला मी कुठे मेलेला पाहिलाय? आणि समज मेलाही असेल, तरी एवढ्या लांबून, थंड पाण्यातून चालत घराशी येणार, आणि मी दोन कोसांवर त्याला सांगायचं, बाबा रे, इथवरच? तू दुसऱ्या वर्षी आलीस आणि बटाटे सोलता सोलता हळूच विषय काढलास. मी डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, "तुला सुटायचंय, म्हणून त्याला मारायला निघालीस." तू सुरी खाली ठेवलीस आणि न जेवता संध्याकाळच्या बसने गेलीस. केर्तू, ते मी बोलायला नको होतं. तुझं काही चुकलं नव्हतं. मला माफ कर. हे एक वाक्य लिहायला मला आधीचे तीन कागद लागले.

तू गेल्यावर मी वाटच बघत बसले, दुसरा उद्योग काय? बाजूच्या दाराला कडी घालणं सोडलं. दर शनिवारी दोघांना पुरेल एवढा सॉना तापवायचे आणि एकटीच बसायचे. नोव्हेंबरात, मेलेली माणसं घरी येतात त्या दिवसांत, त्याच्यासाठी व्हरांड्यात ताट ठेवायचे, काळा पाव, धुरावलेलं डुकराचं मांस, बटाटे. आणि काय सांगू तुला, ताट सकाळी चाटूनपुसून रिकामं! एक दिवस, दोन दिवस, आठवडाभर. मी कुणाला बोलले नाही. मनात म्हणायचे, तुम्ही बसा क्रूस कोरत, माझं पोर घरी येतंय. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी एका सकाळी जरा लवकर दार उघडलं तर एल्मारचं कुत्रं, तो लठ्ठ पोंटू, ताटात तोंड घालून उभा. माझ्याकडे बघून शेपूट हलवतोय मेला. मी झाडू घेऊन त्याला कुंपणापर्यंत पिटाळलं, मग पायरीवर बसले आणि मला उठताच येईना. दोन वर्षं मी कुत्र्याला मांस खाऊ घालून देवाचे आभार मानत होते. एल्मारला अजून वाटतं त्याचं कुत्रं म्हातारपणामुळे जाड झालं.

उठून पाव भट्टीत टाकून आले. आता पुढचं लिहायचं आहे आणि मला दुसरी पन्नास कामं सुचताहेत. कोंबड्यांचं खुराडं झाडायचंय. नको. लिहिते.

चार वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, तू मला न सांगता ओर्गुलाला आली होतीस. बसमधून उतरून सरळ राईत गेलीस, आणि झऱ्याजवळच्या स्प्रूसच्या झाडावर तानेलच्या नावाने तू स्वतःच्या हाताने क्रूस कोरलास. डोळे धुतलेस आणि आल्या पावली परत गेलीस. तुला वाटलं कुणाला कळलं नाही. एल्मारने पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाला, सून आली होती तुझी, बाईमाणसाने कोरलेला क्रूस चालतो का मला माहीत नाही, पण पोरीने मन लावून कोरलाय. तो गेल्यावर डोक्याला रुमाल बांधला आणि तरातरा राईत गेले. क्रूस दिसला. स्वयंपाकघरातल्या सुरीने कोरलेला, एका जागी दहादा गिरवलेला. खाली गवतात सालीचे बारीक बारीक तुकडे. सुरी निसटून तुझं बोट कापलं असणार, सालीला रक्त लागलेलं होतं. ते बघून तरी मला तुझी दया यायला हवी होती की नाही? मला आली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला दिसत होतं ते एवढंच, की दार लागलं.

मी घरी आले. सफरचंदाच्या कलमांना लावायचं मेण हेइनोच्या फडताळात होतं, ते पातळ केलं. जुनी तागाची चादर फाडून पट्ट्या काढल्या, डबाभर ओली माती घेतली. परत राईत जाऊन तुझा क्रूस मेणाने भरून काढला, वर माती लिंपली, वर पट्टी बांधली, वर शेवाळ लावलं. फांदी मोडली की झाडाला करतो तशी मलमपट्टी केली. म्हटलं, भरून येऊ दे जखम, एकदा साल जुळली की क्रूस नाही आणि अडवणूकही नाही. काम झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन बघितलं. काही म्हणून दिसत नव्हतं. मला फार बरं वाटलं गं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं.

पुढच्या महिन्यात तुझं पत्र आलं. क्रूसाचं त्यात काही नव्हतं, तुझी हिंमत कशी होणार मला सांगायची? तू लिहिलं होतंस की आई, दोन वर्षांत पहिल्यांदा मला सलग झोप लागायला लागली आहे, कशाने ते माहीत नाही. मी ते पत्र दोनदा वाचलं. तुला कशाने झोप लागली ते मला माहीत होतं, आणि ते मी बुजवून टाकलंय हेही माहीत होतं. मी उत्तरात तुला जॅमची कृती पाठवली.

तेव्हापासून मला मात्र झोप नाही. आधी पट्टी सुटली असेल का या काळजीने राईत चकरा मारायचे, मग पट्टी सोडावी का या विचाराने. दर वेळी जायचे, झाडाभोवती घुटमळायचे, हेइनोच्या पाइनला हात लावायचे आणि काही न करता परत यायचे. झऱ्याजवळून जाताना मान वळवायचे. तिथे परगावची माणसं बसलेली असायची, ओल्या तोंडाने, शांत. एकदा कुणी म्हातारी मला म्हणाली, या ना, बसा, पाणी छान गार आहे. मी तिला म्हटलं, माझं कुणी मेलेलं नाही. ती बिचारी उठूनच गेली.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात तू पेत्रीला घेऊन आलीस. मित्र म्हणून. मला काय डोळे नाहीत? तुझ्या ताटातली काकडी तो न विचारता उचलून खात होता. तीन दिवसांत तो माणूस आपल्या भाषेत मोजून दहा शब्द बोलला, त्यातले चार ‘धन्यवाद’. मी त्याला पहिल्या दिवशी गार बटाटे वाढले, मुद्दाम. त्याने ते संपवले आणि धन्यवाद म्हणाला. दुसऱ्या दिवशी आपण हेइनोच्या पाइनकडे जायला निघालो, तेव्हा राईच्या कडेला थांबून त्याने तुझ्यामार्फत मला विचारलं, मी आत येऊ का? मी म्हटलं, "त्याला सांग, ही घरच्या माणसांची जागा आहे." तू खाली मान घातलीस. तो टोपी काढून रस्त्यावर उभा राहिला, आपण परत येईपर्यंत. आपण आत होतो तेव्हा तू त्या स्प्रूसकडे बघितलंस, शेवाळ बघितलंस, आणि मला वाटलं आता हिला कळणार. तू म्हणालीस, इथलं शेवाळ किती वाढलंय. तिसऱ्या दिवशी त्याने माझी सगळी लाकडं फोडून भिंतीशी रचून दिली, इतकी सरळ की ओळंबा लावून घ्यावा. तुम्ही गेल्यावर मी तो ढीग पाडला आणि माझ्या पद्धतीने पुन्हा रचला. दोन दिवस कंबर धरली होती. सांग आता, असल्या बाईला तू लग्नाची परवानगी विचारतेस.

यंदा एप्रिलमध्ये बर्फ गेलं आणि त्या स्प्रूसचा शेंडा तपकिरी दिसायला लागला. मे संपेपर्यंत अर्धं झाड वाळलं. बुंध्याशी पिठासारखा भुसा. एल्मारला मीच बोलवून आणलं, कारण दुसरं कुणाला सांगणार? त्याने चाकूने साल उचकटली आणि आत किडेच किडे. मग तो वर सरकत गेला, शेवाळ काढलं, आणि पट्टी त्याच्या हाताला लागली. तागाची, आमच्या घरची, निळ्या काठाची. ती सोडली तर मेण सुकून सुटं झालेलं, मेणामागे पाणी साचून सगळं कुजलेलं. तिथूनच लागण झाली होती. जखम उघडी असती तर झाडाने डिंक सोडून आपणच भरली असती गं, इतकी वर्षं इतके क्रूस या झाडांनी भरून काढलेत. मी ती बंद केली म्हणून सडली. तुझा क्रूस मात्र मेणाखाली तसाच होता. भरून आलाच नव्हता.

तिथून दहा पावलांवर एल्मारच्या बायकोचा, लेह्तेचा स्प्रूस आहे, तुला आठवतो ना, ज्याला तो दर रविवारी जाऊन आठवड्याच्या बातम्या सांगतो? किडे तिथे जायला एक गरम दिवस पुरे होता. मला वाटलं हा आता मला उभी-आडवी झाडणार, आणि झाडावं असंच मला वाटत होतं. तो चिडला नाही. टोपी काढून बुंध्याशी बसला आणि म्हणाला, "माइमू, तू पोरासाठी घराचं दार उघडं ठेवलंस, पण तो काही तिथवर आला नाही. केर्तूने त्याला निदान उभं राहायला एक जागा करून दिली होती. तीही तू लिंपून टाकलीस. मग इतकी वर्षं त्याने जायचं कुठे?"

मी सहा वर्षं एकच धरून बसले होते, की त्याला कुणी अडवू नये. त्याला कुठेतरी थांबायलाही हवं असेल, तो दमला असेल, हे माझ्या, त्याच्या आईच्या, डोक्यातच आलं नाही.

मंगळवारी झाड पाडलं. मी समोर उभी होते, गावातलं दुसरं कुणी नव्हतं. एल्मारने आधी माफी मागितली, झाडाची की तानेलची ते मी विचारलं नाही. करवतीचा आवाज संपला आणि एकदम उजेड आला तिथे. मग एल्मार ओंडके ओढायला लागला आणि मी झऱ्यावर गेले. गुडघे दुखत होते, कशीबशी खाली बसले. ओंजळ भरली तर चष्मा काढायचा राहिलेला, तो गेला पाण्यात. मग चष्मा शोधायला म्हणून कोपरापर्यंत हात घातला, नाकातोंडात पाणी, रुमाल भिजला, आणि तशी चाचपडत असतानाच रडू आलं. सहा वर्षांत आलं नव्हतं ते सगळं आलं. एल्मार मागे येऊन उभा राहिला आणि कुत्र्याला धरून ठेवलं, एवढं त्याला कळलं. चष्मा सापडला. त्या पाण्याने काही चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. छातीत दुखायचं ते दुखतंच आहे. फक्त घरी आल्यावर मी बाजूच्या दाराला कडी घातली, आणि घातल्यावर हात परत कडीकडे गेला नाही.

बुधवारी मी तानेलची ती पिशवी उघडली. बोटवाल्यांनी पाठवलेली, हेइनोच्या कामाच्या बाकाखाली तशीच पडून होती. तुला मी सांगितलं होतं की उघडली, काही विशेष नव्हतं. खोटं होतं. आता उघडली, आणि खरंच काही विशेष नव्हतं. बुटांचा दुसरा जोड, दाढीचं सामान, अर्धवट भरलेलं शब्दकोड्याचं मासिक, आणि मी पाठवलेला पाव, दगड झालेला. आणि तुझा एक फोटो होता, वरच्या खिशात, तू कुठल्यातरी धक्क्यावर तोंड वाकडं करून आईस्क्रीम खातेस तो. तो मी या पाकिटात घातलाय. तुझा आहे, तू ठेव.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. मी पाद्रीबाबांशी बोलले. याच महिन्यात, सेंट जॉनच्या सणाच्या आधीच्या शनिवारी, दुपारी बारा वाजता, तानेलचे बूट हेइनोशेजारी पुरायचे आहेत, पेटीत घालून, घंटा वाजवून, रीतसर. वाटेत राईत थांबायचं. झाड मी निवडून ठेवलंय, तरणा पाइन आहे, हेइनोच्या हाकेच्या अंतरावर. एल्मार म्हणाला क्रूस मी कोरतो. मी म्हटलं, तू शेजारी आहेस, चांगला आहेस, पण घरचा नाहीस. हेइनोचा पुतण्या कॅनडात, त्याला या कशाचा गंध नाही. दोन दिवस नुसती अंगणात येरझाऱ्या घालत होते, आणि मग ज्या माणसाचं नाव सुचलं त्याने आधी माझ्याच नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणून हे पत्र, केर्तू. झाडाचं ऐकून तू मला वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन, पण ये, आणि पेत्रीला घेऊन ये. क्रूस त्याने कोरायचा आहे. तो बिचारा गोंधळेल, मीच का म्हणून विचारेल. त्याला सांग, आई म्हणते, तो घरातल्याच पुरुषाने कोरायचा असतो, आणि आमच्या घरात आता तूच आहेस.

तुझीच,
आई